पुरानी छावनीची विहीर

विहीणबाई, अक्षय्य तृतीया परवावर आली. जानकी सकाळपासून माझ्या मागे लागली आहे की आईच्या नावाचा पाण्याचा घडा आपल्या घरून द्यायचा. तुमच्या पुतण्यानं उज्जैनहून येऊन तेरा दिवसांचं सगळं केलं, नीट केलं, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण तो परत गेला आणि मुरारच्या तुमच्या घराला कुलूप लागलं. भटजींना विचारलं, ते म्हणाले लेकीनं दिला तरी पोचतो. आमच्या ह्यांना विचारलं, ते म्हणाले त्यात विचारायचं काय. आता एकाच माणसाला विचारायचं राहिलं आहे. ज्या बाईनं एकोणीस वर्षांत आमच्या घरच्या पाण्याचा थेंब घेतला नाही, तिला ती गेल्यावर तेच पाणी पाजायचं का? हे तुम्हालाच विचारायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. आणि विचारायच्या आधी एक गोष्ट कबूल करायची आहे. ती काही केल्या तोंडातून निघत नव्हती, बघू कागदावर निघते का.

तुमचं ते पाण्याचं खूळ मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज, तो मला मान्य. माझ्या आईनंही पाळला. पण पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे कुठून काढलंत? ते तुम्ही उचललंत मुरारच्या शेजारणींकडून. त्यांच्यात लेक दिलेल्या गावच्या विहिरीचंही पाणी चालत नाही. म्हणजे जेवणाचा नियम दख्खनेतून आणलेला आणि पाण्याचा इथला, दोन्ही पदराला बांधून बसलात. मी म्हणायची, अहो, एक तरी सोडा, असं दोन्हीकडचं कडक तेवढं गोळा करू नये माणसानं. तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, लेक एकच आहे, तिच्यासाठी दोन्ही पाळले तर बिघडलं कुठे.

लग्न झालं तेव्हा ग्वाल्हेरचे महाराज अजून लहान होते, कौन्सिलचा कारभार होता, आणि आमचे हे कचेरीत नवेनवे नाझर झालेले. मोठी ऐट होती मला. वाटलं, मास्तरांची विधवा बायको, मुरारच्या दोन खोल्यांत राहणारी, आपल्यापुढे जरा दबून राहील. कसलं दबणं! महिन्यातून एकदा टांग्यानं यायचात, ओसरीवर बसायचात, जानकीला डोळे भरून बघायचात. ती तुमची चिमी. आम्ही लग्नात जानकी नाव ठेवलं, पण तुमच्या तोंडी ते एकदाही आलं नाही. उन्हातून आलेल्या असायचात, ओठ सुकलेले. होळी झाली की आमच्या माठात वाळ्याची जुडी पडते. माठाकडे बघून म्हणायचात, वास काय सुंदर येतो हो तुमच्याकडच्या पाण्याला. मी भांडं पुढे केलं की मान हलवून नाही. माझा नुसता संताप व्हायचा. वास चालतो आणि पाणी चालत नाही, हे कुठलं शास्त्र?

चार वर्षं झाली तरी जानकीची कूस उजवली नाही, तेव्हा तुम्ही करौलीच्या कैलामातेला पायी जायचं बोललात. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, आपली कुळस्वामिनी तिकडे दख्खनेत बसली आहे, तिला सोडून ह्या परक्या देवीला कशाला? तुम्ही ओसरीवरूनच उत्तर दिलंत की ती फार लांब आहे, आणि आपण पाणी इकडचं पितो तर गाऱ्हाणंही इकडच्याच देवीला घालावं. सासूबाई गप्प झाल्या. त्यांना गप्प करणारी मी पाहिलेली तुम्ही पहिलीच.

पण त्या वर्षी जाणं झालंच नाही, आणि त्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. आमच्या आळीतल्या भगतजींचा संघ चैत बदी पंचमीला निघतो, असा निरोप मी तुम्हाला दिला. तुम्ही आपलं पंचांग उघडलंत, चैत्र वद्य पंचमी शोधलीत, आणि त्या दिवशी पहाटे गाठोडं घेऊन, संघ निघतो त्या पडावावर येऊन उभ्या. संघ जाऊन, दर्शन करून, परत येऊन लोकांच्या पायाचे फोडसुद्धा बरे झाले होते! इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा चैत लागतो तेव्हा आपला फाल्गुनच चालू असतो. तीन पिढ्या ग्वाल्हेरीत काढून हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही म्हणायचात चूक निरोप देणारीची, मी म्हणायची चूक पंचांग बघणारीची. हे भांडण अर्धंच राहिलं बघा. आता एकटीनं कसं भांडू?

पुढच्या वर्षी मात्र मी स्वतः भगतजींकडे जाऊन दिवस बोटांवर मोजून घेतले. संघाची एक रीत आहे, ती मला फार आवडायची. जाणाऱ्याला दारातून निरोप द्यायचा नाही. घरचं कोणीतरी पहिला दिवस बरोबर चालतं, बानमोरला मुक्कामावर पोचवतं आणि मग मागे फिरतं. तुमच्या घरचं चालायला होतं कोण? जानकीला वैद्यांनी मनाई केलेली. मी म्हटलं, मी येते. तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. मुलाच्या आईनं मुलीच्या आईला पोचवायला जायचं, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. ह्यांच्या थोरल्या बहिणीनं नाक मुरडलं. मुरडो बापडी.

तो पहिला दिवस मला अजून पावलापावलानं आठवतो. पडावावर टांगे उभे होते, भगतजींच्या हातात लाल झेंडा, मागे चाळीसेक माणसं, बायका देवीची, लांगुरियाची गाणी म्हणत होत्या. त्या घागऱ्या-ओढणीच्या घोळक्यात नऊवारीतल्या आपण दोघीच. एका पोरीनं आपल्या आईला विचारलं, ये कौन हैं? आई म्हणाली, दक्खनी बाई हैं, चलने दे. तुम्ही अनवाणी, मी वहाणा घातलेली. हजिऱ्याच्या वस्तीपर्यंत किल्ला डाव्या हाताला बरोबर चालत होता. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा तुम्ही दचकून माझा दंड धरलात आणि मग बराच वेळ सोडला नाहीत. नाक्याच्या पुढे गाव संपलं, दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी चाललेली, आणि तुम्ही बोलायला लागलात. पाच वर्षांत ओसरीवर जेवढं बोलला नव्हतात तेवढं त्या दोन कोसांत बोललात. मास्तर कसे गेले ते सांगितलंत. चिमी लहानपणी मातीचे बैल कसे करायची ते सांगितलंत. मी पण बोलले. सासूबाईंबद्दल जे कोणाजवळ बोलले नव्हते ते तुमच्याजवळ बोलले. घरात आपण विहिणी होतो, मानपानाच्या. रस्त्यावर दोन दमलेल्या बायका होतो.

पुरानी छावनी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तुमच्या लोटीतलं पाणी तुम्ही रस्त्यात एका लेकुरवाळीला देऊन टाकलं होतंत. तुम्ही बाभळीखाली बसलात ती मटकन बसलात. चेहरा पांढरा पडला. माझ्याजवळ फिरकीचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला, आमच्या माठातला. मी फिरकी काढायला हात घातला तर तुम्ही डोळ्यांनीच नको म्हणालात. भगतजी बघत होते. त्यांनी समजावून पाहिलं, "मैया की डगर पे कौन को घर, माई, और कौन को पानी?" तुम्ही त्यांना हात जोडलेत आणि नुसत्या बसून राहिलात. मग मला म्हणालात की समोर विहीर आहे, आपला तांब्या रिकामा करून, मातीनं घासून, त्या विहिरीचं आणलंत तर चालेल. विहीर कोणाच्या घरची नसते.

गेले मी विहिरीवर. आता कबुली देते, ऐका. विहिरीवर संघातल्या माणसांची झुंबड. कोणीतरी ओंजळीत पाणी घातलं, ते तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. खारट, गढूळ, वर पाचोळा तरंगतोय. ते पाणी उन्हानं चक्कर आलेल्या उपाशी बाईला पाजायचं? माझा हात धजेना. मी विहिरीच्या आडोशाला जरा वेळ थांबले. तांब्याच्या बुडाला बाहेरून माती लावली, पदराला पुसली. आतलं पाणी होतं तसंच ठेवलं. आणि परत आले.

तुम्ही विचारलंत, तांब्या घासलात ना? मी म्हटलं, घासला. पाणी विहिरीचंच ना? मी म्हटलं, हो तर, कोणाचं असणार. तुम्ही ओंजळ पुढे केलीत. मी धार धरली. तुम्ही प्यायलात, थांबलात, वर माझ्याकडे पाहिलंत, परत ओंजळ पुढे केलीत. सगळा तांब्या संपवलात. मग तोंड पुसत म्हणालात, "गोड आहे हो विहीर."

मी रिकामा तांब्या पदराआड घेतला. पण तुमच्या गालांवर रंग परत आला आणि मला वाटलं, झालं ते बरं झालं, पाप लागायचं तर मला लागेल. संध्याकाळी बानमोरच्या अमराईत तुम्हाला सोडलं, आळीतल्या बायकांबरोबर पॅसेंजर धरून घरी आले. गाडीत डोळ्यांना धार लागली. का ते माझं मलाच कळत नव्हतं.

त्याच वर्षी जानकीला दिवस राहिले. माघात मुलगा झाला. तुम्ही निरोप पाठवलात की बारशाला येते, आणि त्या दिवशी तुमच्या घरी जेवते, पोटभर जेवते, ताट वाढून ठेवा. मी चांदीचं ताट काढलं, चिंच लावून घासलं. नवव्या दिवशी मूल गेलं. तुम्ही आलात, ओसरीवरच बसलात, त्याच्यासाठी शिवलेली कुंची तुमच्या पिशवीतच राहिली. मी ते ताट परत फडताळात ठेवताना तुम्ही पाहिलंत, आणि मी पाहिलं की तुम्ही पाहिलंत.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच. तुम्ही देवीच्या वाटेवर नेमानं चालत होतात आणि तुमचा नेम मी मोडला, तुम्हाला न सांगता मोडला. देवीनं दिलं ते माझ्यामुळे परत नेलं. लोक म्हणतील वेडी आहे. असेन. पण जानकी कोपऱ्यात तोंड लपवून बसली की मला तो तांब्या दिसायचा. सांगावं असं हजारदा वाटलं. सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल, ह्यापेक्षा आपलं ते पहिल्या दिवसाचं चालणं संपेल, ह्याची भीती जास्त होती.

कारण तुम्ही पुढच्या वर्षी परत निघालात. त्याच्या पुढच्या वर्षी परत. सात वर्षं निघालात, आणि सातही वर्षं मी पहिला दिवस तुमच्याबरोबर चालले. आणि दर साली, न चुकता, तुमच्या लोटीतलं पाणी पुरानी छावनीच्या अलीकडेच संपायचं. कधी कोणाला दिलेलं, कधी सांडलेलं, एकदा तर म्हणालात भरायलाच विसरले. मी तांब्या घेऊन विहिरीकडे जायची, आडोशाला उभी राहायची, बुडाला माती लावायची, परत यायची. एकदा खोटं बोललं की ते जन्मभर भरत बसावं लागतं. तुम्ही ओंजळ धरून प्यायचात आणि काहीतरी बोलायचात. यंदा विहीर थंड आहे हो. यंदा विहिरीला पाणी बरं आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तुमचे गुडघे गेले, चालणं थांबलं, आणि जानकीला परत मूल झालं नाही. ओसरीवरचं येणं तेवढं चालू राहिलं, तेच सुकलेले ओठ घेऊन. शेवटच्या आजारात मी मुरारला तुमच्याजवळ आठ दिवस राहिले. तुमच्या घरचं पाणी तुमच्याच भांड्यानं तुम्हाला चमच्या-चमच्यानं पाजलं. चौथ्या दिवशी मी धीर केला, म्हटलं विहीणबाई, तुम्हाला एक सांगायचं आहे. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि म्हणालात, राहू द्या, पाणी तेवढं द्या. मला वाटलं ग्लानीत आहात. म्हणून राहिलंच. राहिलंच हो.

काल इथवर लिहून कागद मिटला, आणि संध्याकाळी जानकी बाड्याच्या बाजारातून नवा घडा आणि वाळ्याची जुडी घेऊन आली. मी म्हटलं, घडा आपल्या घरून नको. ती म्हणाली, का? मी म्हटलं तुझ्या आईला चालायचं नाही. ती म्हणाली, आता कसला नेम, सासूबाई? मग माझ्यानं राहवेना. बसवलं तिला जवळ आणि सगळं सांगितलं, विहीर, माती, तांब्या, सात वर्षं. म्हटलं, तुझं मूल माझ्यामुळे गेलं असेल ग. मी रडत होते आणि समोर बघते तर जानकी हसतेय. महिनाभरात पहिल्यांदा हसली. हातात वाळ्याची जुडी तशीच.

म्हणाली, "सासूबाई, आईला पहिल्याच घोटाला कळलं होतं. विहिरीच्या पाण्याला वाळ्याचा वास कुठून येणार?"

पुढे तिनं सांगितलं की तुम्ही पहिल्या वर्षी करौलीहून परत आल्या आल्याच तिला हे सांगितलं होतंत, आणि वर बजावलं होतंत, "त्यांना सांगू नकोस हो चिमे, नाहीतर पुढल्या वर्षी खरंच विहिरीचं आणतील."

मूल गेल्यावर जानकीनंच तुम्हाला विचारलं होतं म्हणे, नेम मोडला म्हणून तर नाही ना झालं? त्यावर तुम्ही चिडलात. म्हणालात, दोन म्हाताऱ्या एका तांब्यातलं पाणी प्याल्या, तर देवीनं लेकरावर राग काढावा इतकी ती हलक्या काळजाची असती, तर मी तिच्याकडे पाच दिवस पाय भाजत गेलेच नसते.

विहीणबाई, मला आधी राग आला, खरं सांगते. सात वर्षं मला भर उन्हात विहिरीपर्यंत पिटाळलंत, आडोशाला उभं केलंत, बुडाला माती फासायला लावलीत, आणि स्वतः बाभळीखाली बसून मजा बघत होतात! थंड आहे हो विहीर, म्हणे! लोटी भरायला विसरले, म्हणे! अहो, जन्मात कधी तुम्ही काही विसरलात का? रात्री ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले आणि मग डोळे पुसायला लागले. मी पण.

आणि मग एक गोष्ट कळली, ती तुमच्या तोंडून ऐकली असती तर बरं झालं असतं. नेम तुम्हाला मोडता येत नव्हता. तो लेकीच्या नावानं घेतलेला, तो मोडायचा धीर तुम्हाला होईना. म्हणून वर्षातून एकदा, गावाबाहेर, तो मला मोडू दिलात. माझ्या खोट्याच्या आडोशाला बसून माझ्या घरचं पाणी पोटभर प्यायलात. आणि मी एकटीच गुन्हेगार समजून रात्री कूस बदलत होते. सांगायचं होतंत हो. मीही सांगायचं होतं. दोघीही त्या बाबतीत सारख्याच निघालो, मानी आणि भित्र्या.

तेव्हा आता विचारत नाही, सांगते. उद्याचा घडा आमच्या घरून जाईल. तिथीचा घोळ व्हायचा नाही, शुद्ध पक्षात त्यांचं पंचांग आणि आपलं एकच असतं, मी दोन्हीकडे बघून घेतलं आहे. जानकीच्या हातून देऊ. भटजींना घडा दिला की त्या फडताळातलं चांदीचं ताटही काढणार आहे, त्यात तुमचं पान वाढणार आहे, पोटभर म्हणाला होतात तेवढं.

घडा आत्ताच भरून ठेवला आहे. आमच्याच माठातलं पाणी, वाळा घातलेलं, कोणापासून न लपवता भरलेलं. यंदा विहिरीवर गेले नाही. ओंजळ पुढे करा, विहीणबाई.